घरात काही बदललं का

नाही, पहिल्यापासून सांगणार नाही मी. तुम्ही बसा, डॉक्टर, ती खुर्ची ओढून घ्या, पण पहिल्यापासून नाही. सुशीलाबाई, वय शहात्तर, दिवाळीच्या आधीपासून ही तिसरी खेप या दवाखान्यात — हे सगळं तुमच्या त्या फायलीत आहे. फाईल बघा केवढी झाली. आईचं वजन उतरतंय आणि फायलीचं चढतंय. प्रत्येक जण येतो, फाईल काखेत धरलेली असते, आणि मला विचारतो — हां बोलो, क्या तकलीफ है अम्मा को? अरे, तकलीफ काय आहे ते तुम्ही सांगायचं ना. मी सांगितली असती तर इथं कशाला आलो असतो, या काचेच्या दवाखान्यात, जिथं दारात पाऊल टाकलं की दार आपोआप उघडतं आणि आत गेल्यावर माणूस कोणालाच दिसत नाही.

काय म्हणालात — मराठी? हं. तुमच्या नावाच्या पट्टीवर आगाशे वाचलं होतं मी, पण म्हटलं, या पण इंग्रजीच फाडतील. पुण्याच्या का? बरोबर. म्हंजे तिसऱ्या खेपेला यांच्या लक्षात आलं की म्हातारी मराठी आहे, तर एखादी मराठी डॉक्टर पाठवावी. तुमच्यावर राग नाही हो माझा. तुम्ही माझ्या लेकीच्या, पल्लवीच्या वयाच्या. पण राग आहे, तो आहे, आणि आत्ता या बाकड्यासमोर तुम्हीच आहात, तर तुम्हालाच ऐकावा लागेल. मोठे डॉक्टर ऐकायला थांबत नाहीत. ते येतात, त्यांच्या मागं सात-आठ पोरं-पोरी येतात, आईच्या पलंगाभोवती उभे राहतात लग्नातल्या फोटोसारखे, आणि जातात. मी तोंड उघडेपर्यंत पुढच्या पलंगावर.

आणि उद्या सकाळी म्हणे सुई घालणार. पाठीतून, छातीत. डागाचा तुकडा काढून बघणार. शहात्तर वर्षांची बाई, श्वास घेताना बरगड्या मोजता येतात अशी, तिच्या पाठीतून सुई — आणि ‘थोडा धोका असतो’ असं सांगून मला म्हणतात सही करा. अहो, तो डाग जुना आहे. मी दुसरीत होतो तेव्हा तिला क्षय झाला होता, अनंतगिरीच्या दवाखान्यात होती ती कितीतरी महिने, मला आत सोडत नव्हते, मी फाटकापाशी उभा राहून हात हलवायचो. हे मी पहिल्या खेपेलाच सांगितलं. तर छातीवाले डॉक्टर काय म्हणाले — तेव्हाचा एक्स-रे आणा, ताडून बघू. तेव्हाचा. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आम्ही भाकरीची सोय बघत होतो, आणि मी तो एक्स-रे जपून ठेवायचा. नाही म्हटलं, तर म्हणाले, मग कॅन्सर नाही असं कसं सांगणार? कॅन्सर. तिच्या पलंगापाशी उभं राहून बोलले ते. तिला इंग्रजी येत नाही, पण तो शब्द सगळ्यांना येतो.

बरं विचारा. काय होतं ते सांगतो, तेवढं सांगतो. आधी जेवण कमी होतं. मळमळतं म्हणते. मग डोकं दुखतं, मग चालताना भिंत धरते. मग एक दिवस बोलता बोलता थांबते — डोळे उघडे, पण नजर आरपार. मला दादा म्हणते. दादा म्हंजे तिचा मोठा भाऊ, तो पोलीस ॲक्शनच्या आधीच गेला. मला विचारते, दादा, बैल बांधले का. बरकतपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही, कुठले बैल. मग मी तिला इथं आणतो. तुम्ही सलाईन लावता, दोन-तीन दिवसांत बाई उठून बसते, मला म्हणते, हणमंता, दाढी कर रे, कसा दिसतोस. चांगली होते एकदम. लख्ख. घरी नेतो. आणि महिना जात नाही तोवर पुन्हा भिंत धरली. हे काय आहे, ते मला एकानं सांगावं. सोडियम उतरतं म्हणतात. हौ, उतरतं, कळलं, का उतरतं? तर त्याचे पाच डॉक्टर. मेंदूवाले म्हणतात मेंदूत काही नाही, मूत्रपिंडवाले म्हणतात आमच्याकडं काही नाही, तो ग्रंथींचा एक आहे तो म्हणतो रक्त पुन्हा पाठवा, आणि छातीवाल्याला डाग सापडला. एका म्हातारीचे पाच तुकडे करून पाच मजल्यांवर ठेवलेत तुम्ही. अख्खी बाई कोणी बघितली का? ती कशी उठते, कशी बसते, काय खाते — हे बघायला कोणाला वेळ आहे?

आणि त्या प्रश्नांचं काय. आज वार कोणता. आता हे तिला कशाला विचारता? तिला तिथी विचारा, ती सांगेल. प्रधानमंत्री कोण, हे पण विचारलं पहिल्या वेळी. मी म्हटलं, डॉक्टर, यंदा हे मलाही पेपर बघूनच सांगावं लागतं, आज सकाळचा पेपर अजून वाचला नाही. ते हसले नाहीत. लिहून घेतलं — पेशंटला सांगता आलं नाही.

विचारा तुम्ही. हां. पहिल्यांदा पडली ती दसऱ्यानंतर. सकाळची वेळ, अकराचा सुमार असेल. देवघरातून उठत होती, एक हात भिंतीला, मी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो, आवाज आला, धावलो — मीच उचललं. नाही, मार लागला नाही. मी होतो म्हणून बरं. त्रिवेणी, माझी बायको, जामबागच्या शाळेत शिकवते, ती नव्हती घरात. मी? मी होतो ना, सांगितलं की. हो, कामाचाच दिवस होता. सेकंड शिफ्ट होती माझी. सरकारी कारखान्यात आहे मी, लेथ सेक्शनचा सुपरवायझर, फायलीत लिहिलंय, नोकरी — सरकारी कारखाना. त्याचा इथं काय संबंध? आईचं बघा.

प्रताप, माझा धाकटा भाऊ, अमेरिकेत असतो, त्याचंही हेच. रात्री फोन करतो आणि मला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारतो — दादा, हे चेक केलं का, ते रूल आऊट केलं का. त्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वाचतो म्हणे सगळं. रोगाचं नाव घातलं की माहिती येते. मी म्हटलं, आईचं नाव घालून बघ, काय येतं. या दवाखान्यात आणायचं त्यानंच ठरवलं. तो पाठवतो म्हणून इथं आहोत, नाहीतर आमच्यासारख्यांनी या दारातून आत यायची काय ऐपत. कारखान्याचा दवाखाना होता आधी, त्या कार्डावर आईचं सगळं व्हायचं, तिथला म्हातारा कंपाउंडर तिला माँ म्हणायचा. आता ते कार्ड — आता तिथं नाही नेत. इथं सोयी जास्त आहेत.

पाणी? पाणी पिते ना. भरपूर. त्याची काळजी तुम्ही करूच नका, ते मी स्वतः बघतो. अंबरपेठच्या बागेत सकाळी फिरायला जातो मी, तिथं म्हाताऱ्यांचा एक गट आहे, त्यांनी एक छापील कागद वाटला, जपानी पाण्याची चिकित्सा. उठल्याबरोबर तोंड न धुता तांब्याच्या कलशातलं पाणी प्यायचं, पोटभर, सगळे रोग जातात. तर पहाटे मी तिला देतो. मग दहाला पुन्हा. दुपारी झोपून उठली की पुन्हा एक तांब्या, संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा. ती नको म्हणते. मी लेकराला पाजतात तसं पेला तोंडाशी धरतो, म्हणतो, आई, हा शेवटचा. ती म्हणते, तुझा शेवटचा कधी संपतो रे. पण पिते. माझ्यासाठी पिते. निदान तेवढं तरी माझ्या हातून व्हावं, सेवा म्हणा, काय म्हणा. इतकी वर्षं पहाटे पाचला कारखान्याची बस पकडली, आईजवळ बसायला कधी मिळालं? आता दिवसभर —

काय?

दुपारी आणि दिवेलागणीला. हां. मग सेकंड शिफ्ट — हो, सेकंड शिफ्ट दुपारी दोनला लागते. बरोबर आहे तुमचं.

बरोबर आहे हो. तुम्ही डॉक्टर आहात का पोलीस? रजा आहे मला. आईच्या आजारपणाची रजा काढलीय. लिहा तसं. नाही, लिहू नका, त्यात लिहिण्यासारखं काय आहे, माझी रजा आईच्या रक्तात उतरते का? तुम्ही लोक मुद्द्याचं सोडून भलतंच विचारता. मागच्या खेपेला ते एक दाढीवाले डॉक्टर होते, त्यांनीही असंच, दहा वेळा — घरात काही बदललं का? गेल्या वर्षभरात काही बदललं का? मी म्हटलं, काही नाही. काय बदलणार? तेच घर, तीच माणसं, तीच आई. काही नाही म्हटलं ना, मग पुन्हा विचारायचं कशाला. मी म्हटलं, साहेब, बदललं तर बाहेर बदललंय. तुमच्या या दवाखान्याच्या जागेवर चिंचेचं बन होतं, ते बदललंय. दर महिन्याला एक नवी गाडी निघते, टीव्हीवर पन्नास चॅनेलं लागतात, सगळं जग आपल्याकडं दुकान मांडायला निघालंय आणि आपली चालती दुकानं बंद — पण घरात काही नाही. घरात सगळं ठीक.

जेवण. जेवणाचं विचारताय ना, विचारा. इथलं जेवण तिला चालत नाही. तुमच्या नर्सनं तक्रार केली माझ्याकडं — भैया, अम्मा कुछ खातीच नै, इडली मुँह में डाले तो थूक दे री. आणि फायलीत काय लिहिलं? जेवण नाकारते. डोकं ठिकाणावर नाही म्हणून जेवण नाकारते असं लिहिलं. अहो, डोक्याचा काय संबंध. तिला वार कळत नव्हता, मी कोण ते कळत नव्हतं, पण इडली तोंडात गेल्याबरोबर कळलं की यात मीठ आहे. थुंकली. बरोबरच केलं. म्हणून मी घरून डबा आणतो. त्रिवेणी तिचं वेगळं काढते आधीच, भात, दूध, भाकरी, बिनफोडणीची भाजी, एक वेळ जेवते, दुपारचं. ते गपगुमान खाते.

कमी म्हंजे — कमी. बीपी आहे ना तिला. तुमच्याच लोकांनी सांगितलं, मीठ कमी करा. फायलीत बघा, पहिल्याच खेपेला विचारलं होतं, मीठ कमी खाता का, मी म्हटलं हो, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं. त्यांनी मान हलवली. चांगलं म्हणाले. आता किती कमी ते काय मोजून ठेवलंय मी? कमी म्हंजे कमी.

नाही, लोणचं नाही. पापड नाही. ताकात? ताकात पण नाही.

म्हंजे नाहीच. घालतच नाही. अळणी जेवते ती.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. मी विचारलंय हे. मला काय अगदीच अडाणी समजता का? सोडियम म्हंजे मीठ, एवढं शाळेत शिकलोय मी. मागच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांना मी स्वतः जिन्यात गाठलं आणि विचारलं — साहेब, घरच्या जेवणात मीठ वाढवायला पाहिजे का? ते काय म्हणाले सांगू? खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, अरे नहीं, उससे कुछ नहीं होता, खाने में जो नमक रहता है वो बहुत है, ये अंदर की गड़बड़ है. त्यानं काही होत नाही, असं म्हणाले ते. एवढे मोठे डॉक्टर. मग मी सुटलो. म्हंजे — सुटलो कसला, निश्चिंत झालो म्हणायचं होतं मला. की चला, आपल्याकडून काही चुकत नाही.

नाही. अजिबात खात नाही, असं नाही सांगितलं त्यांना. वाढवायला पाहिजे का, एवढंच विचारलं. ते जिन्यात होते, घाईत होते. आणि जेवणात जे मीठ असतं ते पुरतं म्हणाले, तर मी काय त्यांना अडवून म्हणू की साहेब, आमच्याकडं ते नसतंच? मग ते विचारणार का नसतं. मग ते सांगत बसा.

आषाढीपासून. आषाढी एकादशीपासून. आता संक्रांत होऊन गेली. हो, तेवढे महिने. चातुर्मासात बायका काही ना काही सोडतात, तुमच्याकडं नाही का? तुमची आजी सोडत असेल बघा. कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा. आईनं जन्मभर काही ना काही सोडलंय. आमचे वडील, नामदेवराव, आजारी होते त्या वर्षी साखर सोडली. प्रतापच्या अमेरिकेच्या वेळी चहा सोडला, आणि ती म्हंजे चहाशिवाय अंथरुणातून न उठणारी बाई. तिचा देवाशी व्यवहार असा असतो, रोखीचा. आपण काहीतरी द्यायचं, मग मागायचं. यंदा मीठ सोडलं. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, आई, अळणी कसं जाईल तुझ्या घशाखाली? म्हणाली, जातंय रे. चार महिन्यांनी काय होतंय. आणि बीपीवाल्यांनी तर मीठ कमीच करा म्हटलं होतं, तर आम्हाला वाटलं, चला, देवाचं आणि डॉक्टरचं एकाच वेळी होतंय. कोणाला वाटलं असतं हे? कारल्यात, भेंडीत मीठ नाही म्हणून माणूस मेलेल्या भावाशी बोलायला लागतो, हे कोणी सांगितलं होतं आम्हाला?

कार्तिकीला संपतं, हो. संपायलाच पाहिजे. त्रिवेणीनं सगळी सांगता केली होती, सोडलेलं ते दान द्यायचं असतं, वाटीभर मीठ देवळात ठेवून आली, वरणफळं केली, व्यवस्थित मीठ-मसाला घालून. तेव्हा आई नुकतीच इथून घरी गेली होती, पहिल्या खेपेची, चांगली होती. पानावर बसली. वरणफळं बघितली. आणि ताट असं दोन बोटांनी पुढं सरकवलं. म्हणाली, माझं अजून व्हायचंय. त्रिवेणी म्हणाली, अहो आई, एकादशी झाली, देव उठले. तर म्हणते, देव उठले, त्यांना सांगितलेलं काम कुठं झालंय? ते झालं की खाईन.

कोणतं काम म्हंजे — असतं काहीतरी म्हाताऱ्या माणसांचं.

तुम्ही ते पेन जरा खाली ठेवा.

ठेवा म्हणतो ना. लिहिलेलं प्रतापकडं जातं. हा दवाखाना त्याला फॅक्स पाठवतो दर आठवड्याला, तो तिथं बसून एकेक ओळ वाचतो. आणि प्रतापला माहीत नाही. प्रतापला नाही, पल्लवीच्या सासरी नाही, खाली राहणाऱ्या रेड्डींना नाही. रेड्डींच्या समोरून मी दुपारी डबा घेऊन उतरतो, गल्लीला वळसा घालतो आणि मागच्या जिन्यानं वर येतो. या वयाला. चोरासारखा. प्रतापनं मला मागंच सांगितलं होतं, दादा, त्या कारखान्यातून निघ, त्यात काही राहिलं नाही, प्रायव्हेटमध्ये ये. मी म्हटलं, तू तुझी अमेरिका बघ, सरकारी नोकरी मरेपर्यंत असते. हे मी त्याला चारचौघांत सांगितलं होतं, त्याच्याच लग्नात, पंगतीत. आता त्याला काय सांगू? की मे महिन्यात आमच्या लेथ सेक्शनला एका ओळीत उभं केलं आणि एकेकाला आत बोलावून म्हणाले, स्वेच्छेनं जा. स्वेच्छा. त्या शब्दाचा मला इतका संताप आहे ना, डॉक्टर. माझी कुठं होती इच्छा? ज्या मशीनवर मी सव्वीस वर्षं काम केलं ते भंगारात दिलं, माझ्या डोळ्यांसमोर ट्रकमध्ये चढवलं, आणि वर म्हणतात की हा माणूस आपल्या इच्छेनं गेला. हार घातला. गोल्डन शेकहँड म्हणे. हातात हात दिला आणि दुसऱ्या हातानं दार दाखवलं.

त्यानंतर फिरलो मी. नाही असं नाही. जिडिमेटलापर्यंत गेलो, छोट्या कारखान्यांची शेडं आहेत तिथं, मालक माझ्या पोरांच्या वयाचे. अंकल, कॉम्प्युटरवाला मशीन आता है क्या? नाही येत. तो विषय संपला.

घरात काही बदललं का. दहा वेळा विचारलं त्या दाढीवाल्यानं. हे बदललं. सांगायला पाहिजे होतं मी. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग आईनं काही मनाला लावून घेतलं का, आणि मी म्हटलं असतं, तिनं मीठ सोडलं — एवढंच होतं ना? एवढ्यासाठी तुमचे पाच मजले आणि उद्याची ती सुई. पण माझ्या तोंडून ‘काही नाही’च निघालं. तुम्हाला राग येत असेल माझा. यायलाच पाहिजे. पण मलाही तुमचा आहे, तो काही कमी झालेला नाही. ‘काही नाही’ म्हणणाऱ्या माणसाचं खरं का मानता तुम्ही लोक? घरी शहात्तर वर्षांची बाई आणि दिवसाढवळ्या तिच्याजवळ बसलेला बावन्न वर्षांचा धडधाकट मुलगा, हे बघून एकालाही कसं विचारावंसं वाटलं नाही, की तुम्ही कामावर कसे नाही? तुम्ही विचारलंत. मराठीत विचारलंत म्हणून नाही. बसलात म्हणून.

मग आता ती सुई? नको म्हणा त्यांना. आधी हे करून बघू म्हणा. चालेल ना? मी सही करत नाही त्यावर, तुम्ही जाऊन सांगा. आणि पाणी बंद, समजलं, जास्त पाण्यानं सोडियम आणखी उतरतं म्हणताय ना, पेल्यानंच देईन, मागेल तेव्हाच. तो कलश मी आज घरी गेलो की माळ्यावर टाकतो.

मीठ. हो, मीठ द्यायचं, कळतंय मला. पण ते सोपं नाही, डॉक्टर. बाटलीतून जातं ते तिला चालतं, ते औषध आहे असं तिचं म्हणणं. तोंडातून नाही. गोळी करून, कॅप्सूलमध्ये घालून — बघा, पण ती एकदा चावून बघेल. आणि कळलं ना, तर मग तुमची एकही गोळी घेणार नाही पुढं, माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. तुम्ही सांगून बघा, मराठीत. ऐकेल, हसेल, तुम्हाला विचारेल लग्न झालं का, आणि ताट सरकवेल. मी सांगू? माझं कशी ऐकेल, माझ्यासाठीच तर चाललंय. त्रिवेणीनं पायावर डोकं ठेवून झालं. हणमंतला काम लागलं की खाईन, बस. तेवढंच. आत्ता इतकी गोंधळलेली असते, सून कोणती आणि नर्स कोणती ते कळत नाही, पण दुपारी मी डबा उघडला की विचारते, लागलं का रे? मी म्हणतो नाही, आई. ती म्हणते, लागेल. आणि अळणी भात खाते.

काय म्हणताय?

काय म्हणताय तुम्ही, डॉक्टर?

लागलं म्हणून सांगा. असं सहज म्हणताय. तुमच्या दृष्टीनं औषधच ते, मला समजतं, मी काही मूर्ख नाही, एका वाक्यात आई घरी येते हे मला कळतं. पण तुम्हाला माहीत आहे का, मे महिन्यात त्या कागदावर सही करून आलो ना, तेव्हा मी आधी त्रिवेणीला नाही सांगितलं. आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, आई, संपलं गं सगळं. ती खडे बाजूला काढत राहिली, हात थांबला नाही तिचा, आणि म्हणाली, बरं झालं मला आधी सांगितलंस. तेव्हापासून सगळ्या जगाशी खोटं बोलतोय मी. भावाशी, व्याह्यांशी, त्या रेड्डीशी, तुमच्या फायलीशी. त्रिवेणी शाळेत गेली की एकटी ती आहे जिच्यासमोर मला डबा घेऊन निघावं लागत नाही. तिच्याजवळ बसलो की मी खरा बसलेला असतो. आणि तुम्ही म्हणता तिलाच —

आणि तिनं विचारलं तर? ती विचारेल. पगार नाही विचारणार. कुठं, हे विचारेल. बस कुठून मिळते, डबा न्यायचा की कँटीन आहे, मशीन कोणतं, वरचा साहेब कसा आहे. खुश होईल आणि विचारत राहील. रोज विचारेल. मग मी रोज तिच्यासमोर पण डबा घेऊन निघायचं का?

नाही, पाणी नको मला. ठीक आहे मी.

मागवा तुम्ही. तुमच्या त्या कँटीनमधून वरणभात मागवा, मीठ घातलेला, मी भरवतो तिला. मीच भरवीन, नर्स नको. तुम्ही आता जा, छातीवाल्याला आधी सांगा, तो निघून जाईल. माझ्याकडं बघत उभ्या राहू नका, जा. मला इथं थोडं बसू द्या, आत जाण्याआधी — कोणता कारखाना सांगायचा, तेवढं तरी ठरवू द्या मला.